चार वर्षांची लेक, अठरा हजार रुपये आणि इमॅजिका

प्रश्न साताऱ्याहून आलाय. घरात चौघं आहेत: आईबाबा, ४ वर्षं २ महिन्यांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेली आजी. स्वतःची लहान गाडी आहे, १८ हजार रुपये बाजूला काढलेत आणि खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं घाटतंय. विचारलंय ते असं: तिकिटावर सूट कुठे मिळेल? एक दिवस पुरेल की दोन लागतील? पार्कला लागून असलेल्या हॉटेलात एक रात्र काढावी का? की हे सगळं सोडून पैसे साठवावेत आणि दोन वर्षांनी एकदम हाँगकाँगचं डिस्नेलँडच करावं? आणि शेवटी, जाता जाता, "बाबागाडी न्यावी का? तशी ती आता चालते."

मी पुण्यातून शाळांच्या आणि छोट्या कुटुंबांच्या सहली लावून देते, त्याला १७ वर्षं झाली. इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथे किती वेळा गेले याची मोजदाद मी सोडून दिलीय. त्यातल्या निम्म्या वेळा तर एकाही राइडमध्ये बसलेले नाही. बाकावर बसून लोकांच्या पिशव्या, चपला आणि पेंगुळलेली पोरं सांभाळलीत. सहल कुठे फसते ते बाकावरून फार छान दिसतं.

तुम्ही सवलतीबद्दल विचारलंय, पण मी आधी वेगळंच विचारते: तुमची लेक तिथे किती तास टिकेल? माझ्या पाहण्यात या वयाचं मूल पाच तास खुशीत असतं. सहाव्या तासाला कुरकुर सुरू होते आणि सातव्या तासाला सगळं कुटुंब एकमेकांवर चिडलेलं असतं. तिकीट मात्र दिवसभराचं असतं. म्हणजे तुम्ही जे विकत घेताय त्यातलं बरंचसं ती वापरणारच नाही. तेव्हा दुसरा दिवस, रात्रीचं हॉटेल, रांग टाळायचा पास या गोष्टी घेतल्याच नाहीत तर जे वाचेल, त्याच्यापुढे १०-१५ टक्क्यांची सूट म्हणजे चिल्लर.

यात एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे, ती मला इथून दिसत नाही. ही सहल नक्की कुणाची? "मुलीसाठी चाललोय" असं सगळेच म्हणतात. त्यातल्या बऱ्याच बाबांना नायट्रोत, म्हणजे तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये, बसायचं असतं, आणि त्यात काही वावगं नाही. पण ते आधी घरात बोलून घ्या. तुम्हा दोघांनाही मोठ्या राइडची हौस असेल तर दिवस वेगळा आखावा लागतो. नसेल तर खर्च आणखी खाली येतो.

आता उंची. इमॅजिकाला तिकीट आणि राइड, दोन्ही वयावर नाही तर उंचीवर ठरतात. अगदी लहान उंचीचं मूल फुकट, मग लहान मुलाचं तिकीट, आणि एका रेषेच्या वर गेलं की पूर्ण तिकीट. तेव्हा साइट उघडायच्या आधी घरात मोजमाप करा. लेकीला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, टाचा भिंतीला लागलेल्या हव्यात. डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं ठेवा, त्याची कड भिंतीवर पेन्सिलीने आखा आणि शिंपीकामाच्या टेपने मोजा. ४ वर्षांच्या मुलीची उंची सरासरी १०३ सेंटिमीटरच्या आसपास असते, मुलाची जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त. पुढच्या वर्षभरात ती सहा-सात सेंटिमीटर वाढेल. मोठ्या रोलर कोस्टरना जगभर १२० च्या पुढची उंची मागतात, काही ठिकाणी १४०. म्हणजे नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप, डीप स्पेस हे सगळं तुमच्या लेकीच्या हिशेबातून आजच वजा करा. तिच्या वाट्याला येतं ते घोड्यांचं कॅरोसेल, टबीचे उडणारे हत्ती, हॅपी व्हील्सच्या गाड्या, पाण्यातल्या बंपर बोटी आणि असंच आणखी काही. कुठल्या राइडला एकटीने चालतं आणि कुठे मोठं माणूस सोबत लागतं, ते राइडच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेलं असतं. उंचीचे ताजे आकडे निघायच्या आदल्या आठवड्यात साइटवर पाहून घ्या.

इथे थोडं थांबते, कारण दर सहलीत एक तरी बाबा मला सांगतो की दोन सेंटिमीटरने काय होतंय, मी धरून बसतो ना. नाही धरता येत. मांडीवर येऊन अडकणारी ती दांडी मोठ्या माणसाच्या मापाने केलेली असते. दोघांत मिळून एकच दांडी असेल तर ती तुमच्या मांडीला टेकून थांबते, आणि शेजारच्या पोरीच्या मांडीवर वीतभर फट राहते. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, झटका बसला की सगळं शरीर पुढे आणि वर सरकतं. पाठ टेकून, गुडघे वाकवून, पाय खाली घट्ट रोवून बसता यायला हवं, म्हणून ती रेष असते. बुटात कापड कोंबून, केसांचा उंच अंबाडा घालून रेष ओलांडवणारे पालक मी पाहिलेत. राइडवरचा मुलगा अंबाडा हाताने दाबून बघतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

उंचीत बसलं म्हणजे मनात बसलं असं मात्र नाही. इमॅजिकात बरंच काही बंद, अंधाऱ्या जागेत आहे. सलीमगढ तर भुताटकीचंच आहे, ते सोडाच. पण 'रॅथ ऑफ द गॉड्स'सारखा खेळ, जिथे नुसतं उभं राहून बघायचं असतं, तोही आगीचे लोळ, पाणी आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचा आहे. चिंचवडच्या एका कुटुंबाचा पोरगा आत गेल्यावर आईच्या ओढणीत शिरला तो बाहेर येईपर्यंत निघालाच नाही. त्यानंतर दिवसभर, अगदी हॉटेलच्या दारातसुद्धा, त्याचा एकच प्रश्न: "आत अंधार आहे का?" त्याची उंची चांगली ११० होती. राजासॉरसच्या बोटीचंही तेच. डायनोसॉर आवडतात म्हणून पोरं हट्टाने बसतात, आणि शेवटी बोट खाली कोसळते तेव्हा भोकाड पसरतात. (नाव काल्पनिक नाही बरं का. राजासॉरसचे अवशेष खरोखर नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेत, आणि २००३ मध्ये त्याला ते नाव दिलं गेलं. डायनोसॉरवेड्या पोराला हे घरीच सांगून ठेवा, रांगेत वेळ बरा जातो.)

लेक कशी वागेल ते आधी कळावं म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: रंगीत तालीम करा. साताऱ्याच्या आसपास यात्रा-जत्रा काही कमी नाहीत. लहान पाळण्यात बसवा, मग ब्रेकडान्ससारखं काही फिरणारं नुसतं लांबून दाखवा. पुण्यात याल तेव्हा सारसबागेजवळच्या पेशवे उद्यानात फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवा. पाळण्यातून उतरल्यावर "परत!" म्हणाली तर तिचे इमॅजिकाचे पैसे वसूल होतील. तुमच्या गळ्याला मिठी मारून "घरी जाऊ" म्हणाली तर एक वर्ष थांबा. शंभर-दोनशे रुपयांत सहा-सात हजारांचा निर्णय होतो.

कधी जायचं? इथे तुमच्याकडे एक हुकमाचं पान आहे. लेक अजून पहिलीत गेलेली नाही, तिला मधल्या वारी शाळा बुडवून नेता येते. दोन वर्षांनी हे सुख जाईल. पण "मधला वार म्हणजे गर्दी नाही" हे डिसेंबर-जानेवारीला लागू पडत नाही, कारण त्या दिवसांत मधल्या वारी आम्हीच असतो! शाळांच्या बसवर बस. एकेका बसमधून पन्नास पोरं उतरतात आणि धावत सुटतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते १ जानेवारी आणि मे महिना हे तर नकोच. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. मे महिन्यात तिथे दुपारी फरशीला पाय टेकवत नाही, आणि जुलैत असा पाऊस कोसळतो की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. पार्क जूनच्या मध्यात, शाळा उघडल्या-उघडल्या, खूप रिकामं असतं हे खरं, पण तो पावसाचा जुगार आहे. तुमच्या जागी मी फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरला असता. शाळांच्या सहली संपत आलेल्या असतात, मोठ्या मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, हवा बरी असते. १९ तारखेची शिवजयंतीची सुट्टी आणि महाशिवरात्र तेवढी टाळा. मंगळवार किंवा बुधवार बघा.

राहण्याचं बघू. पार्क पुण्यापासून ९० किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईहून त्याहून थोडं जवळ. साताऱ्याहून म्हणजे पहाटे उठून चार-साडेचार तास गाडी, मग पार्क, मग परत तेवढीच गाडी. हे चार वर्षांच्या पोरीला आणि रात्री घाटातून गाडी चालवणाऱ्या माणसाला, दोघांनाही करायला लावू नका. तुमच्याच प्रश्नात एक ओळ होती की लेकीची मावशी चिंचवडला असते. मग हॉटेल कशाला शोधताय? आदल्या दिवशी दुपारी निघा, रात्री मावशीकडे मुक्काम. सकाळी सातला निघा, संध्याकाळी परत मावशीकडेच. तिसऱ्या दिवशी आरामात सातारा. मावशीसाठी कंदी पेढे न्या, म्हणजे हिशेब फिटला.

पार्कला लागून असलेलं हॉटेल चांगलं आहे, पण तुमच्या अठरा हजारांत ते बसवायचं तर जेवणात काटकसर करावी लागेल, आणि उपाशी पोर सांभाळण्यापेक्षा लांबचा मुक्काम बरा. आणखी एक गंमत सांगते. ज्या कुटुंबांनी हट्टाने असं महागडं हॉटेल घेतलं, त्यांतल्या लहान मुलांना विचारलं की काय आवडलं, तर अर्धी सांगतात: लिफ्ट.

आता पैसे. तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, म्हणून मी हिशेबापुरता मोठ्यांचा दर १,६०० आणि लहान मुलाचा १,३०० धरते. तुमच्या तारखेला खरा आकडा काय आहे आणि त्यात कर धरलाय का, ते पाहून बदला. तीन मोठे ४,८०० आणि लेक १,३००, झाले ६,१००. ज्येष्ठांचा वेगळा दर दिसला तर आजींचं आधार कार्ड सोबत ठेवा. सातारा ते पार्क आणि परत, चिंचवडची वळणं धरून चारशेच्या पुढे किलोमीटर होतात. आनेवाडी आणि खेड-शिवापूरचा टोल, द्रुतगती मार्गाचा टोल आणि पेट्रोल मिळून ३,५०० धरा. पार्कातलं आणि वाटेतलं खाणं २,५००. लॉकर, पार्किंग, फुगा, टोपी यांना ५००. आणि १,५०० रुपये वेगळ्या पाकिटात, कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत. ताप, पंक्चर, फाटलेली चप्पल यांच्यासाठी. एकूण १४,१००. म्हणजे ३,९०० उरतात. ते खर्च करायलाच हवेत असं नाही.

(ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी: एसटीत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ ते १२ अर्धं. महिलांना राज्यात मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना पूर्ण माफ. म्हणजे अशा चौघांच्या कुटुंबात पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं. स्वारगेटपर्यंत एसटीने या, आणि पुढे पुण्यातून आणखी एखादं कुटुंब गाठून मोठी गाडी ठरवा. खोपोलीला लोकल जाते, पण ती कर्जतहून. पुण्याकडून लहान मुलाला घेऊन गाड्या बदलत जाण्यात दमणूक फार होते.)

सवलतीचं एवढंच सांगते की पार्कच्या स्वतःच्या साइटवर किंवा नावाजलेल्या तिकीट ॲपवर, आगाऊ, मधल्या वाराचं तिकीट घ्या, आणि तुमच्या बँकेच्या कार्डावर काही सूट आहे का ते बघा. बस. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "निम्म्या किमतीत, फक्त आज" अशा लिंकवरून माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने चार तिकिटं घेतली होती. गेटवर कळलं की त्या क्रमांकांची तिकिटं कुणी काढलेलीच नाहीत. पोरं कमानीबाहेर उभी राहून आतलं संगीत ऐकत होती. दुसरं, तारीख बदलून मिळणारं तिकीट थोडं महाग असलं तरी तेच घ्या. लहान मुलाच्या सहली रद्द होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आदल्या रात्रीचा ताप.

रांग टाळायचा महाग पास तुम्हाला नको. त्याचा खरा उपयोग मोठ्या कोस्टरना असतो. फेब्रुवारीतल्या मंगळवारी कॅरोसेलला रांग नसतेच, असली तरी दहा मिनिटांची.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. लहान मुलाच्या खाण्याला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, तरी गेटवर नम्रपणे विचारा. माझी पद्धत अशी: सकाळी बाहेर भरपूर नाश्ता, गाडीच्या डिकीत कूलबॅगमध्ये दहीभात आणि मेथीचे ठेपले. एकदा बाहेर पडून पुन्हा आत येऊ देतात का, ते आत शिरतानाच विचारून घ्या. येऊ देत असतील तर दुपारचं जेवण गाडीपाशी सावलीत. नसतील तर आत जेवा, पण साडेबाराच्या आत. एक वाजला की खायच्या जागांवर जी झुंबड उडते तिच्यात चार वर्षांचं मूल घेऊन ट्रे धरून उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे.

नाश्त्याचं म्हणाले त्यावरून आजी आठवल्या. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांपैकी एक. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. पार्क सकाळी सव्वादहा-अकराच्या आधी काही उघडत नाही, आणि तुम्ही चिंचवडहून सातला निघाला तर पावणेनऊपर्यंत महडला असाल. मधल्या वारी, तेही चतुर्थी नसेल तर, दर्शन पटकन होतं. मग मिसळ किंवा पोहे, आणि पार्क. आजींची सहल सकाळी नऊलाच सुफळ झालेली असते, पुढे त्या कुठेही आनंदाने बसतात. पालीचा बल्लाळेश्वरही त्याच रस्त्याने पुढे आहे, पण तो मोह आवरा. एका दिवसात दोन गणपती आणि एक पार्क केलेल्या कुटुंबाची संध्याकाळ मी पाहिलीय.

आजींना न्यावं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नातल्या "गुडघे दुखतात" या शब्दांत ते आहेच. त्यांनाच विचारा, "तुला झेपेल का" असं नाही, "तुला यायचंय का" असं. आल्या तर तुमचा दिवस खूप सोपा होतो. एक माणूस लेकीपाशी बसलं तरच तुम्ही दोघं मिळून नायट्रोत बसू शकाल. आजी नसतील तर आळीपाळीने बसायचं. अशा वेळी राइडच्या तोंडाशी सांगा की सोबत लहान मूल आहे, दुसऱ्या पालकाला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागेल का. कुठे सोय असते, कुठे नसते, विचारायला पैसे पडत नाहीत. 'आय फॉर इंडिया' आजींना नक्की दाखवा. बसल्या जागी देशभर उडून आल्यासारखं वाटतं. फक्त खुर्ची हलते आणि पाय लोंबकळतात, एवढं आधी सांगून ठेवा.

दिवसाचा क्रम थोडक्यात. आत शिरल्यावर सगळी गर्दी समोरच्या मोठ्या राइडकडे पळते. तुम्ही उलट जा, थेट लहान मुलांच्या राइडकडे, आणि पहिले दोन तास पूर्ण लेकीचे. तिला हत्ती तीन वेळा हवे असतील तर तीन वेळा. नकाशा हातात घेऊन "अजून हे राहिलं, ते राहिलं" करणारे पालक पैसे वसूल करायला आलेले असतात, आणि पोरीला बिचारीला चौथ्यांदा हत्तीतच बसायचं असतं. मग जेवण. दीड ते तीन तिची झोपेची वेळ, ती मोडू नका. सावलीत, आजीपाशी झोपू द्या. तेवढ्यात तुम्ही दोघं जे करायचं ते करून या. उठल्यावर एखादी बोट, एखादं आइसक्रीम, मिरवणूक असेल तर ती बघायला पुढची जागा, आणि निघा. दिवे लागेपर्यंत थांबायचा हट्ट धरू नका. बाहेर पडायची वाट दुकानातून जाते, हे सगळ्या पार्कांचं सारखंच. आदल्या दिवशी मंडईतून एक छोटं खेळणं घेऊन गाडीत लपवून ठेवा, आणि दुकानाच्या दारात सांगा की गाडीत तुझ्यासाठी काहीतरी आहे. दहातल्या सात वेळा चालतं.

आत शिरण्याआधी दोन कामं करा: लेकीचा त्या दिवशीच्या कपड्यांतला, पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा, आणि तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा. चुकलेलं मूल सापडतंच, पण "कसले कपडे घातलेत?" या प्रश्नाला घाबरलेल्या आईला उत्तर आठवत नाही.

वॉटर पार्कसकट जोड तिकीट स्वस्त पडतं, घ्यावं का? मनापासून सांगायचं तर चार वर्षांच्या मुलाला दोन्हींत पाणीच जास्त आवडेल. घोट्याएवढ्या पाण्यात ती चार तास काढेल आणि तिला उंचीची पट्टीही आडवी येणार नाही. पण एका दिवसात दोन्ही नको. फेब्रुवारीत सकाळचं पाणी गार असतं, पोहण्याचे ठरावीक कापडाचे कपडे लागतात, ते तिथे भाड्याने घेतले की चौघांचे पैसे वाढतात, आणि आजी काठावर बसून राहतात. पाणीच हवं असेल तर इतक्या लांब यायचीही गरज नाही. सिंहगडाच्या पायथ्याकडे, लोणावळ्याला, लोहगावला वॉटर पार्क आहेत, एप्रिलमध्ये एक दिवस तिथे काढा. तुमचे उरलेले ३,९०० तिथे कामी येतील.

राहिलं हाँगकाँग. तिथलं डिस्नेलँड २००५ पासून आहे आणि आशियातल्या अशा पार्कांत ते आटोपशीर आहे, म्हणून लहान मुलांसाठी बरं, हे खरं. लोक घाई करतात ती फुकट प्रवेशासाठी. हाँगकाँगला ३ वर्षांखाली तिकीट नाही. टोकियोचं डिस्नेलँड आणि सिंगापूरचं युनिव्हर्सल, दोन्हींकडे ४ पासून लागतं. विमानात २ पूर्ण झाली की वेगळी सीट. तुमची लेक या सगळ्या रेषांच्या पलीकडे गेलेली आहे, त्यामुळे घाई करून एक रुपयाही वाचणार नाही. पुढची रेष थेट ११-१२ वर्षांची आहे. उलट ७ वर्षांची मुलगी सरासरी १२० सेंटिमीटरच्या आसपास पोचते. तेव्हा तिकीट लहान मुलाचंच असेल आणि राइड जवळजवळ सगळ्या खुल्या होतील. जायचंच तर तेव्हा जा. आणि मुळात अठरा हजारांच्या सहलीचं आणि विमानाच्या सहलीचं एकमेकांशी काही भांडण नाही. हे पैसे न खर्चल्याने ती सहल फारशी जवळ येणार नाही.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना आम्ही उसनवारी करून त्याला एका परदेशी पार्कात नेलं होतं. रात्रीची आतषबाजी सुरू झाली तेव्हा तो नवऱ्याच्या खांद्यावर लाळ गाळत झोपला होता. मी त्याला हलवून उठवायचा प्रयत्न केला, त्याने एक डोळा उघडला, "आई, लाइट बंद कर" म्हणाला आणि परत झोपला. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, काय काय पाहिलंस रे? तर म्हणे, "तिथे ना, हात धरला की भिंतीतून वारा येतो." स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र. आता तो तेरा वर्षांचा आहे, त्याला तो वाराही आठवत नाही.

आणि हो, बाबागाडी न्या. घरची असेल तर घरची. नसेल तर शेजारपाजारी कुणाच्या माळ्यावर पडलेली असेलच, मागून आणा. चाकांना तेल द्या आणि मिटते-उघडते का ते आदल्या दिवशी बघा. लेक चालते हे मान्य, पण अंगणात चालणं वेगळं आणि गरम फरशीवर पाच तास चालणं वेगळं. दुपारी ती तिच्यात झोपेल, सकाळी तिच्यावर पाण्याच्या बाटल्या आणि आजींची पर्स लटकेल, आणि परतताना पार्किंगपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात लेक तुमच्या कडेवर असेल आणि बाबागाडी ढकलत, तिचाच आधार घेत, आजी चालत असतील.